मागची नळी

मामाजी,

काल तुमचं पुण्यानुमोदन झालं. जिनिंगमधले तुमचे जुने सोबती आले होते, दोघंतिघं तर उमरखेडहून बस बदलत आले. एकेक जण उठून बोलला. कष्टाळू होते, कुणाच्या अध्यात ना मध्यात, फार शांत माणूस. शांत म्हटल्यावर मी पदर तोंडाशी धरला. लोकांना वाटलं रडते आहे. मला हसू आवरत नव्हतं. तुम्ही आणि शांत! या घरात मी इतकी वर्षं भांडले ती एकट्या तुमच्याशी. नवऱ्याशी भांडायला नवरा घरी असावा लागतो. आणि आपण भांडलो तेही कशावरून, तर गाडीच्या एका नळीवरून. ते भांडण मिटलंच नव्हतं. अर्ध्यातून उठून जायची तुमची सवय होती, पण ती वेल्डिंगच्या दुकानापर्यंत जाण्याची.

तुम्ही माझ्याकडे राहायला आलात ते जिनिंगचं कुलूप पाहून. कापूस येत नव्हता, आला तर भाव नव्हता, मग मालकानं मशिनं विकायला काढली. तुम्ही तिथे कित्येक वर्षं फिटर होतात. छातीत तिथली रुई घेऊन आलात. पायरीवर बसून एक वाक्य दोन दमांत बोलायचात. तुमचा मिलिंद पुण्याला कंपनीत, मी झरीच्या अलीकडे या आरोग्य उपकेंद्राच्या क्वार्टरमध्ये, आणि दिवसभर समोरच्या सागांकडे बघणारे तुम्ही. मला वाटलं, हा माणूस इथे बसून बसून संपणार.

तेवढ्यात त्या जुन्या दवाखान्याचं भंगार निघालं आणि तुम्ही मॅटाडोरमध्ये टाकून ती गाडी आणलीत. गाडी म्हणजे काय, फटफटीचा गंजलेला सांगाडा. तुम्ही तिच्याकडे असे बघत होतात, जशी हरवलेली गाय सापडली. जिनिंगच्या आधी, तरुणपणी, त्या दवाखान्यात तुम्ही विजेच्या इंजिनावर कामाला होतात आणि तिथला परदेशी डॉक्टर ही गाडी चालवायचा, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"ही शर्यतीची नोहे," तुम्ही म्हणालात. "हिले ट्रायलची गाडी म्हन्तेत. गोट्यायवरून, नाल्यातून, चढावरून जायाचं, हळूहळू, अन् पाय खाली टेकवाचा नाई. टेकला की हरला. डॉक्टर सुटीच्या दिवशी नाल्यात हाच खेळ खेळे. मलेही शिकवला त्यानं."

"अन् आता कोण खेळणार?"

"तू."

मी तेव्हा पोडांवर पायी जात होते. कोलामांच्या वस्त्या, हे पोड, टेकड्यांवर, वाट म्हणजे पावसानं धुतलेले गोटे. लशीचा डबा खांद्याला लावून चढायचं, उन्हं चढायच्या आत पोचायचं, नाहीतर बर्फ वितळतो. त्या वर्षांत आमच्याकडे सरकारी जीप दिसली तर समजायचं, कुणाचा तरी पंचनामा आहे. माझ्यासाठी जीप नव्हती. तरी मी तुम्हाला वेड्यात काढलं. बाईमाणूस, वर नर्स, आणि फटफटी!

तुम्ही ऐकलं नाही. मिलिंदची जुनी पँट मी साडीच्या आत घातली, साडी कमरेला खोचली आणि क्वार्टरमागच्या नाल्यात तुम्ही मला उभ्यानं गाडी चालवायला शिकवलंत. "बसू नको. उभी राह्य. गोट्याकडं पाहू नको, गोट्याच्या पुढं पाह्य. गोट्याकडं पाह्यशीन त गोट्यावरच जाशीन." बकऱ्या चारणारे काठावर बसून हसायचे. तुम्हीही हसायचात, मग खोकायचात, मग परत ओरडायचात.

आणि एकदा पोडाच्या वाटेवर मी पडले. गाडी पायावर. ती उचलेना. मी कोपरावर उठायची, हँडल धरायची, रेटायची, आणि ती परत माझ्याच पायावर. बकऱ्यावाले येईपर्यंत मी तिथे तशीच होते. लंगडत घरी आले तेव्हा तुम्ही आधी पाय पाहिला, शेक द्यायला पाणी ठेवलं. मग विचारलंत, "उचलता नाई आली?"

"नाही."

बस्स. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुधाला उठले तर तुम्ही गाडी पूर्ण खोलून पोत्यावर मांडलेली होती, आणि फ्रेमवर आरी चालू होती.

तेव्हापासून या घरात वजन हा एकच विषय. फ्रेमला ठिकठिकाणी जाड लोखंडी कान होते, बाजूगाडी जोडायला. ते कापले. खालून इंजिनाला धरणाऱ्या दोन नळ्या कापल्या आणि त्यांच्या जागी सपाट पत्रा बसवला, इंजिनानंच फ्रेमचं काम करायचं म्हणून. मडगार्ड जर्मनच्या पातेल्यांचे झाले. माझं भाताचं मोठं पातेलं त्यात गेलं, हे मला पाहुणे आल्यावर कळलं. बाजारातल्या वेल्डिंगवाल्याला तुम्ही फ्रेमला हात लावू दिला नाही. त्याच्या दुकानातली गॅसची नळी आणि बत्ती घेऊन स्वतः पितळेची झाळ दिलीत. "करंटचं वेल्डिंग नळी जाळते. झाळ दिलेली नळी वाकन, पन तुटनार नाई." प्रत्येक तुकडा कापला की मला बोलवायचात आणि हातात द्यायचात. "पाह्य, एवढं कमी झालं." मी पीठ मळत असले तरी तो तुकडा हातात घेऊन बघावा लागायचा.

मिलिंद सुट्टीवर आला तो नेमका त्याच दिवसांत. त्यानं अंगणात पडलेले तुकडे पाहिले आणि बॅगसुद्धा खाली ठेवली नाही. पुण्यात त्याला जुन्या गाड्यांचे शौकीन लोक माहीत झाले होते.

"बाबा, हे काय करून राह्यले? अशी गाडी अख्ख्या देशात दोन-चार असतीन! जशी होती तशी ठेवली असती त लोक पाह्यले आले असते. तुमी त भंगार केली तिचं!"

"भंगारातूनच आनली होती."

"तुमाले समजत नाई तिची किंमत."

"असंन किंमत," तुम्ही आरी न थांबवता म्हणालात. "पन माह्या सुनेले उचलता येत नव्हती."

मिलिंदचंही चूक नव्हतं, मामाजी. तेव्हाही मला तसं वाटलं होतं आणि आताही वाटतं. ती गाडी म्हणजे कुणीतरी प्रेमानं बनवलेली एक वस्तू होती, आणि तुम्ही ती कापली. तो त्या वेळी दोन दिवस आधीच परत गेला. तुम्ही त्याला थांब म्हणाला नाहीत. बापलेक त्यानंतर फोनवर तब्येतीपलीकडे बोलले नाहीत. तुम्ही गेल्यावर तो तुमच्या उशाशी बसून होता तेव्हा मी त्याला पाणी दिलं, तर म्हणाला, "मी एकदाही ती चालवून पाह्यली नाई." एवढंच.

मग मागच्या नळीची वेळ आली. फ्रेमचा मागचा वळसा, ज्यावर मागची सीट बसते. तुम्ही खडूनं तिथे खूण केलीत आणि मी पहिल्यांदा आडवी आले.

"ही नाही कापायची. मागे माणूस बसवायला लागतो. मी नर्स आहे मामाजी, पोस्टमन नाही."

"मांगं मानूस बसला की चढावर पुढचं चाक उचलते. दोघंही जासान."

"अन् कुणाला खाली आणायची वेळ आली तर?"

"त मानसं हायेत, बाज हाय. गाडी तुले वर पोचवाले हाय. तू पोचली त अर्धं काम झालं."

दोन दिवस आपण बोललो नाही. तिसऱ्या दिवशी मी लसीकरणाहून आले तर नळी कापलेली. उरलेल्या टोकावर ताटलीएवढी सीट. मी जेवण वाढलं आणि ताट जरा आपटलं. तुम्ही म्हणालात, "भाजी चांगली झाली."

सगळंच तुमचं बरोबर निघालं असंही नाही. कमी करायची तुम्हाला चटक लागली. इंजिन धरणाऱ्या पट्ट्यांना भोकं पाडत सुटलात, पार चाळणी केलीत, आणि त्यातली एक पट्टी भर चढावर चिरली. मी वाचले ती बाभळीत अडकल्यामुळे. अंगभर काटे घेऊन आले. तुम्ही चिमट्यानं एकेक काटा काढत होतात. "लालच झाली माय मले," म्हणालात. "किती काढाचं थे समजलं पाह्यजे होतं." नंतर जाड पट्टी लावलीत. कमी केलेलं वजन परत वाढवताना मी तुम्हाला तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पण गाडी झाली. काय झाली! माझ्यासारख्या बाईच्या मुठीत राहायची. बर्फ वितळायच्या आत मी पोडावर असायची. बाया आवाजावरून लेकरं घेऊन बाहेर यायच्या. एक गोष्ट मी तुम्हाला सांगितली नाही. पुढच्या पावसाळ्यात मी त्याच जुन्या जागी परत पडले. गाडी पायावर आली. मी हँडल धरलं, गुडघा लावला आणि उचलली. एकटीनं. एका दमात. मी तिथे चिखलात उभी राहून मोठ्यानं ओरडले होते, ऐकायला कुणी नव्हतं. घरी येऊन सांगितलं नाही, कारण मग पडल्याचंही सांगावं लागलं असतं आणि तुम्ही रात्रभर जागे राहिला असतात. आता सांगते. उचलता आली मामाजी.

मग आयतूचं झालं.

बोंडअळीचं साल. लोक दिसेल ते औषध, दोन-दोन मिसळून फवारत होते. आयतूचं स्वतःचं शेत नव्हतं, तो दुसऱ्याच्या कपाशीवर फवारायला जायचा. कपाशी त्या वर्षी त्याच्या डोक्यावर गेलेली, औषध सगळं अंगावर. मी पोडावर गरोदर बायांना तपासायला गेले होते, तर त्याची बायको सोनाबाई धावत आली. आयतू दाराशी भिंतीला टेकून बसला होता. तोंडातून लाळ, घाम, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या. शुद्धीवर होता. मला ओळखून हसायचा प्रयत्न केला. मी त्याचे कपडे काढायला लावले, साबणानं अंग धुवून घेतलं, कुशीवर निजवलं. त्याला खाली न्यायचं होतं, लगेच. माझी गाडी अंगणात उभी होती. तिला मागे जागा नव्हती.

मी एकटी उतरले. आरोग्य केंद्रावरून जीप घेतली. ती नाल्यापर्यंतच येऊ शकली. पोडातल्या माणसांनी बाजेवर घालून त्याला नाल्यापर्यंत आणलं. तोवर तो बोलायचा थांबला होता. रुग्णालयाच्या वाटेवर, जीपमध्ये, सोनाबाईच्या मांडीवर गेला.

मी घरी येऊन तुम्हाला काही म्हटलं नाही. खरंच सांगते, मनातही म्हटलं नाही. हातपाय धुतले, कपडे भिजवले आणि ओट्यावर बसले. कुणीतरी तुम्हाला आधीच सांगितलं होतं. तुम्ही येऊन बाजूला उभे राहिलात.

"मांगची नळी असती त?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

तुम्हाला हो किंवा नाही, यातलं एक हवं होतं. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. त्यानंतर किती दिवस मला झोपताना आयतूचं दार दिसायचं, भिंतीला टेकलेला तो, आणि मी किक मारून एकटी निघालेली.

त्यानंतर आपल्या बाजू बदलल्या, तुमच्या लक्षात आलं का? तुम्ही म्हणू लागलात, नळी परत लावतो. आणि मी नको म्हणू लागले. मी तोवर तो चढ शंभरदा चढले होते. मला कळलं होतं की तुम्ही म्हणत होतात ते खरं होतं, मागे वजन आलं की त्या जागी गाडी उलटणार. हलकी आहे म्हणून मी पोचते. पोचते म्हणून लेकरांना लस मिळते. मी हे सगळं तुम्हाला सांगितलं, तुमच्याच शब्दांत. तुम्ही ऐकून घ्यायचात आणि म्हणायचात, "बारीक नळीची करतो. दुसरीकडून तेवढं कमी करतो."

"आता कमी करायला उरलंय काय?"

"पाह्यतो."

तेव्हा तुमचा दम इतका वाढला होता की आरी चार वेळा ओढली की थांबायचात. मी आरी लपवून ठेवली. तुम्ही दुसरी आणलीत. मी चिडून म्हटलं, आयतू परत येणार नाही त्यानं. तुम्ही म्हणालात, "थे मले समजते," आणि कानस घासत राहिलात. ती नळी व्हायला तुम्हाला अख्खा उन्हाळा लागला. सीट बसली त्या दिवशी मी ती पाहायलासुद्धा आले नाही.

आणि तिच्यावर पहिल्यांदा कोण बसलं? तुम्हीच.

भर पावसाळ्यात तुमचा श्वास अडकला. नाल्याला पूर, बस बंद, जीप पलीकडे. ओठ निळे पडले होते. मी ओढणीनं तुम्हाला माझ्या कमरेला बांधलं आणि जंगलातून टेकडीच्या धारेवरून निघाले. तुमची छाती माझ्या पाठीला टेकलेली, तुमची घरघर माझ्या कानांनी नाही, पाठीनं ऐकत होते. चढाशी आलो आणि पुढचं चाक उचललं, अगदी तुम्ही म्हणायचात तसंच. तेवढ्यात तुम्ही स्वतःला पुढे लोटलंत, माझ्यावर ओणवे झालात आणि चाक खाली आलं. वर पोचल्यावर कानाशी एक शब्द, मग दम, मग दुसरा. "क्लच... जाळून... राह्यली."

त्या दिवशी तुम्ही वाचलात. ऑक्सिजन लावलेला असताना मी विचारलं, आता कोण जिंकलं सांगा. तुम्ही हातानं खूण केलीत, नंतर बोलू. नंतर बोललोच नाही. कापूस वेचायला आला आणि तुम्ही गेलात, दुपारी, ओट्यावरच्या बाजेवर, मी दुसऱ्या पोडावर असताना. निरोप घेऊन पायी माणूस आला. मी कशी आले ते तुम्ही पाहिलं असतं तर चावी काढून घेतली असती.

कालचं सांगायचं राहिलं. सोनाबाई आली होती, टेकडी उतरून पायी. वंदनेच्या वेळी मागे बसली, जेवली. माणसं पांगली, मिलिंद पाहुण्यांना बसवर सोडायला गेला, तरी ती गेली नाही. क्वार्टरच्या मागे गाडीजवळ जाऊन बसली. मी चहा घेऊन गेले.

"बुढा आलता आमच्या घरी," ती म्हणाली.

"कोण? मामाजी? कधी?"

"उनाळ्यात. पायी आला. गोट्यागोट्यावर बसत. म्या वरून पाह्यत होती, मले वाटे हा वाटंतच मरते."

उन्हाळ्यात एकदा तुम्ही दिवसभर नव्हतात. मला सांगितलं होतंत, बाजारात नळी पाहायला गेलो होतो.

"कायले आले होते?"

"इचारलं त्यानं. गाडीवर मांगं जागा असती त आयतू बसला असता काय? म्या खरं सांगतलं. नसता बसला. त्याले गाडीचं लय भेव. जीपमंदीही चौघानं धरून घातला."

त्या दिवशी मी आयतूला विचारलंच नव्हतं, बसशील का म्हणून. जागाच नव्हती तर काय विचारणार.

"मग काय म्हणाले ते?"

"पानी मांगतलं अन् पेला." सोनाबाईनं कप खाली ठेवला. "मंग मले इचारते, तुले वाटते काय भेव? म्या म्हनलं, मले नाई वाटत. त हासला. अन् उतरला."

मामाजी, हे मला सांगायला काय झालं होतं? मी मनानं आयतूच्या त्या दाराशी रोज जाऊन उभी राहत होते, तुम्हाला दिसत नव्हतं का? एक वाक्य होतं. की सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, मग झालं की, सोडा ती नळी, छाती सांभाळा? म्हटलंच असतं. आरी नाल्यात फेकून दिली असती. तुम्ही मला ओळखून होतात. पण त्या एका वाक्यानं तुम्हाला मला हलकं करता आलं असतं, ते तुम्ही केलं नाहीत, आणि नळी केलीत. याचा मला राग आहे. इतका राग आहे की तुम्ही गेल्यापासून जे डोळ्यांतून आलं नव्हतं ते काल तिथे, भिंतीला हात लावून, आलं. भांडायला तुम्ही हवे होतात. फक्त तेवढ्यासाठी तरी.

सोनाबाईनं मला रडू दिलं. उगी म्हटलं नाही, पाठीवर हात ठेवला नाही. माझं झाल्यावर लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि उठली.

"चाल," म्हणाली, "मले घरी सोड. चढ सरंपर्यंत उजेड पाह्यजे."